सेकंडहँड एफटीआयआर, उद्यमबागेतलं चेंबर आणि गुरांच्या दवाखान्याचा नायट्रोजन: दीड वर्ष वापरून सांगतोय

आधी पैशाचं सांगतो, फोन करणारे सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. जुना एफटीआयआर, म्हणजे कुठला पदार्थ कुठल्या लांबीचा इन्फ्रारेड उजेड खातो ते मोजणारं यंत्र, पावणेतीन लाख, त्यात ट्रान्सपोर्ट धरलेला नाही. उद्यमबाग या इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत करून घेतलेलं स्टीलचं चेंबर (हवा काढून आत बर्फ करायचा डबा) आणि आतला तांब्याचा ब्लॉक मिळून अठ्ठावन हजार, पंपाची जोडी जुनीच पण ओव्हरहॉल करून नव्वद हजार, खिडक्या, गेज, ओ-रिंगा असं किरकोळ किरकोळ म्हणता म्हणता चाळीस हजार. लिक्विड नायट्रोजनचा हिशोब ठेवायचा मी बंद केलाय. नवीन यंत्राला याच्या कितीतरी पट लागले असते आणि ते आमच्या मॅनेजमेंटनं या जन्मात दिले नसते, त्यामुळं तुलना करण्यात अर्थ नाही.

मी बेळगावात एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. हे सगळं कशासाठी तर अंतराळातला बर्फ बघायला. हसू नका, घरी पण हसून झालंय. तारे जिथं जन्माला येतात त्या ढगांत १० केल्विनच्या आसपास गारवा असतो, म्हणजे उणे २६३ सेल्सिअस, आणि तिथं धुळीच्या बारक्या कणांवर पाणी, सीओटू, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, मेथेन, मेथॅनॉल असं सगळं गोठून बसतं. मागच्या ताऱ्याचा उजेड त्यातनं येताना इन्फ्रारेडमध्ये ठराविक ठिकाणी खाल्ला जातो, तिथं खड्डा पडतो. हा खड्डा पहिल्यांदा नीट पाहिला तो गिलेट आणि फॉरेस्ट या दोघांनी, १९७३ साली, ओरायनमधल्या एका वस्तूकडं बघताना, ३.१ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इथं उजेडाच्या लाटेची लांबी), पाण्याच्या बर्फाचा. पण खड्डा कशाचा हे दुर्बीण सांगत नाही, ते सांगायला तोच बर्फ जमिनीवर करून त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठं किती उजेड खाल्ला याचा आलेख, काढून शेजारी ठेवावा लागतो. ढगाचा फोटो वर, बर्फाची ओळखपरेड खाली, असा प्रकार आहे.

तर आता यंत्र. कंपनीचं नाव घेत नाही, डीलरचं तर मुळीच नाही. एप्रिलमध्ये आलं, लाकडी खोक्यात, सोबत जुनं विंडोज एक्सपी चालणारा कॉम्प्युटर आणि तो बदलायचा नाही अशी ताकीद, कारण सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर उघडतच नाही. आत सिलिकॉन कार्बाइडची लालभडक होणारी कांडी, हलणारा आरसा, आरशाची जागा मोजायला छोटा हीलियम-निऑन लेसर, आणि मध्ये केबीआरचा बीमस्प्लिटर, म्हणजे उजेडाचे दोन भाग करणारी काच. केबीआर म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड, म्हणजे शेवटी मीठच ते. आता बेळगावचा जुलै तुम्हाला माहितेय, आठ आठ दिवस ऊन नाही, भिंती घामेजतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत मिठाच्या काचेचं काय होणार? पहिल्याच पावसाळ्यात सिग्नल निम्म्यावर आला. मला वाटलं कांडी म्हातारी झाली. उघडून बघितलं तर बीमस्प्लिटरवर चष्म्यावर वाफ धरते तशी पांढुरकी झाक. डीलरला फोन केला, तो म्हणाला सर पॅकिंग करताना क्लिअर होता, तुमच्याकडची हवा वाईट. हवा वाईट! महाबळेश्वरला माणसं याच हवेसाठी पैसे मोजतात. असो. दुसरा बीमस्प्लिटर शोधून बसवायला दोन महिने आणि बावीस हजार गेले, आणि बाहेरगावच्या इंजिनिअरनं येऊन तासाभरात बसवून जाण्याचे वेगळे. या खात्यात मी अर्धा स्टार पण देणार नाही.

त्यावर उपाय आम्हीच काढला, तो फुकट सांगतो. यंत्र बंद असलं तरी प्लग काढायचा नाही, आतला गरमावा राहिला पाहिजे. सिलिका जेलच्या पुड्या दर सोमवारी बदलायच्या, गुलाबी झाल्या की जुन्या कढईत निळ्या होईस्तोवर भाजायच्या. ती कढई परत स्वयंपाकात वापरायची नाही, त्या रंगात कोबाल्ट असतंय. आमच्या घरी ही कढई गेल्याचं सुतक अजून संपलं नाही. आणि तिसरं म्हणजे नायट्रोजनचा डबा उकळत असताना त्याच्या तोंडातनं जो कोरडा गॅस वाया जातो तो नळीनं यंत्राच्या पोटात सोडायचा. त्यानं पाण्याच्या वाफेचे बारीक बारीक काटे आणि आपल्या श्वासातल्या सीओटूची २३४९ च्या दोन्ही बाजूची शिंगं बरीच खाली बसतात (हा आकडा म्हणजे एका सेंटीमीटरात उजेडाच्या किती लाटा बसतात तो, पुढं ३२५०, १६६० असे येतील ते पण तसलेच). पोरं मात्र मुद्दाम यंत्रावर फुंकर मारून ती शिंगं वर आणतात, तो त्यांचा आवडता खेळ.

चेंबरचं सांगायला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त मजा आणि सगळ्यात जास्त डोकेदुखी तिथंच. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट करणारं एक छोटं वर्कशॉप आहे, मालकांना सगळे मामा म्हणतात म्हणून मी पण मामाच म्हणतो. त्यांच्याकडं कागदावर चित्र घेऊन गेलो. ते म्हणाले, "सर, ह्यात किती बारचं प्रेशर हाय?" मी म्हटलं मामा, प्रेशर नाही, उलटं आहे, आतनं सगळं काढून घ्यायचंय. त्यांनी दोन मिनिटं चित्राकडं बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे काही नसलेलं ठेवायला डबा पाहिजे की तुम्हाला." याच्यापेक्षा चांगली व्याख्या मी वर्गात केलेली नाही.

मामांनी काम एकदम देखणं केलं, पण मजबूत व्हावं म्हणून सांधे आतनं आणि बाहेरनं दोन्हीकडनं वेल्ड केले. हायड्रॉलिकला हे बरोबर आहे. व्हॅक्यूमला हे विष आहे, कारण दोन वेल्डच्या मध्ये हवेची बारीक पोकळी अडकते आणि ती आतल्या वेल्डच्या केसासारख्या फटीतनं दिवसेंदिवस गळत राहते, बाहेरनं कितीही शोधा गळती सापडत नाही. आम्ही पंधरा दिवस सिरिंजनं सांध्यांवर अॅसिटोन सोडत गेजच्या काट्याकडं बघत बसलो, कुठंच काटा हलेना आणि व्हॅक्यूम पण होईना. शेवटी एका जुन्या मित्राला फोन केला, तो पहिलाच प्रश्न विचारतो, बाहेरनं पण वेल्ड मारलंय काय? मामांनी एक पैसा न घेता बाहेरचं वेल्ड घासून काढून दिलं, आतल्या बोल्टांना मधनं भोकं पाडून दिली म्हणजे बोल्टाच्या बुडाशी हवा अडकू नये, आणि वर चहा पाजला. पाचपैकी पाच. फक्त बफिंग करू नका म्हणून आधीच बजावून सांगा, त्या पॉलिशच्या मेणाचा वास आमच्या स्पेक्ट्रममध्ये दोन आठवडे येत होता.

नायट्रोजनसाठी मी आधी गॅस एजन्सीत चौकशी केली, त्यांना माझ्यासारखं वीस लिटरवालं गिऱ्हाईक नको होतं. मग लक्षात आलं की आपल्या भागात लिक्विड नायट्रोजन गावोगाव जातो की, गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी, त्या सीमेनच्या कांड्या त्यातच ठेवतात. मग ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांकडनं गाडीवाल्याचा नंबर मिळवला. तो चिकोडीकडचा, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतो, पहिल्यांदा डबा उतरवताना त्यानं विचारलं, "सर, कॉलेजात म्हैस कुठं बांधलाय?" आता तो दर आठवड्याला बरोबर येतो, डबा भरतो, "आयतु सर", म्हणजे झालं सर, म्हणतो आणि जातो. या अख्ख्या प्रोजेक्टमध्ये कधीही न चुकलेली सर्विस ही एकच. एक आहे, वीस लिटर म्हणून वीसच्या वीस वापरायला मिळत नाहीत, काही उडून जातो, ओतताना काही जातो, आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत नायट्रोजननं माणूस गुदमरतो आणि त्याला कळत पण नाही.

नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, पण म्हणून तुमची खिडकी, म्हणजे चेंबरमध्ये गार तांब्याच्या ब्लॉकवर बसवलेली, बर्फ धरायची काच, ७७ ला जात नाही. आमची पहिल्यांदा ९७ वर अडून बसली. तांबं आणि काच यांच्यामध्ये इंडियमची पातळ पत्री दाबून बसवली तर ८४ वर आली. इंडियम नखानं दाबला तरी वळतो असा मऊ धातू, तुकडा जपून ठेवा.

आता पहिला बर्फ. पंप चालू, १० चा उणे ६ घात मिलिबारच्या आसपास, बारीक व्हॉल्व्हमधनं पाण्याची वाफ सोडली. स्क्रीनवर आधी सपाट रेघ. मग ३२५० च्या आसपास, म्हणजे तीन मायक्रॉनच्या जरा पुढं, एक रुंद खळगा हळूहळू खाली जायला लागला, बाजूला १६६० वर छोटा, आणि ७६० कडं पसरट. कुठंही टोक नाही, सगळं गोल गोल, कारण रेणू कसेही वेडेवाकडे बसलेत, स्फटिक झालेला नाही. ढगातला बर्फ बहुतेक असाच असतो. थर केवढा? अर्धा मायक्रॉन पण नाही, आपल्या मांड्यांसमोर धरला तर मांडे म्हणजे भाकरी वाटावेत इतका पातळ. मग नायट्रोजन थांबवून हिटरनं मिनिटाला एक डिग्री असं चढवत नेलं. १४० च्या पुढं तो गोल खळगा डोळ्यांदेखत आत ओढला गेला, खोल आणि टोकदार झाला, ३२२० कडं सरकला. बर्फ स्फटिक झाला आणि परत कितीही गार केला तरी पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे कुठल्या ताऱ्याभोवती असा टोकदार खळगा दिसला तर तिथला बर्फ एकदा तरी तापून गेलाय. एवढं बघायला मला इतके पैसे गेले याचं त्या दिवशी अजिबात वाईट वाटलं नाही.

पण खरी गंमत, किंवा फजिती म्हणा, पुढं झाली. पाणी, मेथॅनॉल आणि थोडा सीओटू मिसळून थर केला होता (सीओटू खडे बाजारच्या बाजूला सोडा करणाऱ्याच्या सिलिंडरमधनं घेतला, चाळीस रुपये). संध्याकाळी करंट गेला. दहा मिनिटांनी आला, पंप परत चालू केले, व्हॅक्यूम आला, खिडकी अजून गार होतीच, स्पेक्ट्रम परत काढला. एमएस्सीची एक विद्यार्थिनी बसली होती, ती किंचाळलीच, "सर, नवीन पट्टे आलेत! सीएच आलंय!" बघतो तर खरंच, कार्बन-हायड्रोजन बंधाचे २९५५, २९२२, २८५३ असे सुरेख तीन काटे, खाली १४६० आणि १३७७. मेथॅनॉलचे आधीपासूनचे होते, २८३० च्या आसपासचा आणि १०२६ चा, ते वेगळे. हे नवे. आता बर्फावर अतिनील किरण सोडले की सेंद्रिय रेणू तयार होतात हे काही गुपित नाही, २००२ साली नेचरच्या एकाच अंकात दोन गटांनी, एक अमेरिकेतला नासाचा आणि एक युरोपातला, असाच बर्फ किरणांखाली ठेवून त्यातनं अमिनो आम्लं काढून दाखवली होती. पण आम्ही तर किरण सोडलेच नव्हते! खोलीतली ट्यूबलाइट सोडली तर काही नव्हतं.

रात्री झोप नाही. १३७७ म्हणजे ७.२६ मायक्रॉन. आता ऐका, इथं का घाम फुटतो ते. प्रोटोस्टारांच्या, म्हणजे अजून जन्मत असलेल्या ताऱ्यांच्या, स्पेक्ट्रममध्ये ७.२४ आणि ७.४१ मायक्रॉनवर दोन बारके खड्डे कित्येक वर्षांपासून माहीत आहेत. १९९० च्या दशकात आयएसओ या अंतराळातल्या इन्फ्रारेड दुर्बिणीनं ते दाखवले तेव्हा लोकांनी ते फॉर्मिक आम्ल आणि त्याच्या आयनांच्या नावावर लावले. मग प्रयोगशाळेत इथेनॉल आणि अॅसिटाल्डिहाइडचे बर्फ करून मोजले तेव्हा ते पण तिथंच बसतात असं दिसलं. शेवटी २०२४ मध्ये जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीवरच्या मिरी नावाच्या इन्फ्रारेड उपकरणानं दोन प्रोटोस्टारांकडं, आयआरएएस २ए आणि आयआरएएस २३३८५, बघून बऱ्याच लॅबच्या स्पेक्ट्रमांची एकत्र जुळवाजुळव केली आणि अॅसिटाल्डिहाइड, इथेनॉल, मिथाइल फॉर्मेट असे मोठे रेणू बर्फातच आहेत असं ठामपणे म्हणता आलं. म्हणजे या कोपऱ्यात ०.०२ मायक्रॉननं पण भांडणं होतात. आणि माझा काटा ७.२६ वर.

सकाळी पंपाखाली वाकून बघितलं, रोटरी पंपाच्या काचेत तेलाची पातळी बोटभर खाली. करंट गेल्यावर पंप थांबला, झडप अडकली, चेंबर रिकामा असल्यामुळं त्यानं पंपाचं तेल आणि त्याची वाफ आत ओढली आणि ८४ केल्विनची खिडकी तर असलं काही आलं की धरूनच ठेवते. २९२२, २८५३, १४६०, १३७७, हे चारी म्हणजे साध्या खनिज तेलाचं आधार कार्ड. बीएस्सीच्या पोरांना नुजॉल मल (पदार्थ खनिज तेलात खलून स्पेक्ट्रम काढायची पद्धत) शिकवताना हेच पट्टे मी वीस वर्षं फळ्यावर लिहितोय! त्या मुलीला सांगितलं तर ती आधी हिरमुसली, मग म्हणाली, "सर, म्हणजे आपल्याला पहिला इंटरस्टेलर रेणू उद्यमबागेच्या पंपात सापडला." पंप उद्यमबागेतला नव्हता खरं तर, पण असू दे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आणि हे डीलर तुम्हाला कधी सांगणार नाही, कारण त्याला यंत्र विकायचंय: पैसे स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालू नका, व्हॅक्यूममध्ये घाला. साधा हिशोब बघा. १० चा उणे ६ घात टॉर (टॉर म्हणजे मिलिबारसारखंच दाबाचं माप) दाबाला उरलेल्या वायूतलं आदळेल ते सगळं चिकटलं तर खिडकीवर जवळजवळ सेकंदाला एका रेणूच्या जाडीचा एक थर बसतो. तासाला साडेतीन हजार थर, म्हणजे मायक्रॉनच्या आसपास, आणि तुम्ही काहीच न सोडता. त्यात पाणी किती, तेल किती, कोण सांगणार? मोठ्या लॅबा १० चा उणे १० घात वर काम करतात, तिथं एक थर बसायला दोन-तीन तास लागतात, निवांत चहा पिऊन या. आम्ही आता करंट गेला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवलाय, पंपाच्या वाटेवर नायट्रोजनचा ट्रॅप ठेवलाय, आणि प्रत्येक प्रयोगाआधी काही न सोडता एक तास नुसतं थांबून कोरा स्पेक्ट्रम काढतो. तो कोरा कधीच कोरा नसतो.

डिटेक्टरचं, म्हणजे शेवटी उजेड मोजणाऱ्या भागाचं, पण सांगतो. डीलर एमसीटी डिटेक्टर साठ हजार जास्त घेऊन चिकटवायला बघत होता, फास्ट आहे, सेन्सिटिव्ह आहे म्हणून. खरं आहे ते. पण तो आपल्याला दाखवला त्या प्रकारचा ७५० च्या खाली आंधळा होतो, आणि सीओटूचा रेणू वाकताना उजेड खातो तो बर्फाचा पट्टा आहे ६६० वर, १५.२ मायक्रॉन. हा पट्टा फार बोलका आहे. सीओटू पाण्यात मिसळलेला असला तर तो एकच गोल कुबड देतो, आणि शुद्ध सीओटूचे वेगळे खिसे झाले की तोच पट्टा दुभंगतो, दोन टोकं येतात. काही तरुण ताऱ्यांकडं ही दोन टोकं दिसतात, म्हणजे तिथला बर्फ तापून सीओटू वेगळा झालाय. आमच्या साध्या खोलीच्या तापमानाच्या डीटीजीएस डिटेक्टरवर ती दोन टोकं दिसली, एमसीटीवर काही नसतं दिसलं. डीटीजीएस हळू आहे, एका स्पेक्ट्रमला पंधरा मिनिटं लागतात, लागू देत की, बर्फ कुठं पळून जातोय.

म्हणजे, सीओटू पळून जातो खरं. नुसता सीओटू ८४ वर ठेवला तर जेवून येईपर्यंत पट्टा निम्मा झालेला असायचा, आमची खिडकी त्याला धरून ठेवण्याइतकी गार नाही. पाण्याबरोबर सोडला तर मात्र पाणी त्याला पोटात धरून बसतं, आणि १४५ च्या आसपास पाणी स्फटिक व्हायला लागलं की एकदम सोडतं, गेजचा काटा टणकन उडी मारतो. हे एकदा तरी बघाच.

तुलनेला काय वापरलं? लायडनची बर्फाची डेटाबेस, लिडा नावाची. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या लॅबनं २०२२ पासून नव्या रूपात सगळ्यांना खुली ठेवलीय, ११०० च्या वर स्पेक्ट्रम आहेत, शुद्ध, मिश्र, वेगवेगळ्या तापमानांचे, आणि ते मिसळून कृत्रिम प्रोटोस्टारचा स्पेक्ट्रम करून बघायची सोय पण आहे. लॉगिन नाही, पैसे नाहीत. त्या लॅबचा पाया मेयो ग्रीनबर्ग यांनी १९७० च्या दशकात घातला, आणि ती इतकी वर्षं पुढं नेणारे हॅरोल्ड लिनार्ट्झ २०२३ च्या शेवटच्या दिवशी गेले. मी त्यांना कधी भेटलो नाही, पण त्यांच्या लॅबचा पाण्याचा स्पेक्ट्रम आणि माझा एकावर एक ठेवल्यावर जेव्हा रेघेवर रेघ बसली तेव्हा कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं. मामांना केला. ते म्हणाले, "मग वेल्डिंग बरोबर झालं म्हणा की."

इथं एक खड्डा आहे, मी पडलोय, तुम्ही पडू नका. थरात रेणू किती हे काढायला पट्ट्याचं क्षेत्रफळ भागिले पट्ट्याची ताकद असं करतात. पाण्याच्या ३ मायक्रॉन पट्ट्याची ताकद रेणूला २ गुणिले १० चा उणे १६ घात सेंटीमीटर अशी सर्रास धरतात, मेथॅनॉलच्या १०२६ ची १.८ गुणिले १० चा उणे १७. आता आपलं यंत्र देतं अॅब्सॉर्बन्स, म्हणजे उजेड किती खाल्ला त्याचं माप, जो दहाच्या पायाचा लॉग, आणि त्याच मापाला खगोलवाले ऑप्टिकल डेप्थ म्हणतात ती नैसर्गिक लॉगची. २.३०३ नं गुणायचं राहिलं की तुमचा बर्फ निम्म्याहून कमी निघतो. मी दोन महिने कमी बर्फ मोजत होतो आणि दोष व्हॉल्व्हला देत होतो.

काय जमत नाही ते पण स्पष्ट सांगतो, नाहीतर नंतर शिव्या घालाल. कार्बन मोनॉक्साइड आणि मेथेन विसरा, ते ३० केल्विनच्या आसपासच उडून जातात, त्याला बंद चक्राचा हीलियम क्रायोस्टॅट (याहून खूप गार करणारं यंत्र) लागतो, त्याची किंमत विचारून मी फोन ठेवला. आणि गोची अशी की ढगात मेथॅनॉल तयार होतो तोच मुळात गोठलेल्या सीओवर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडवर, हायड्रोजनचे अणू एकेक करून बसून, हे वातानाबे आणि कोउची यांनी २००२ च्या सुमाराला जपानात लॅबमध्ये दाखवलं. आम्ही मेथॅनॉल बाटलीतनं ओततो. ढग तो स्वतः शिजवतो, आम्ही हॉटेलातनं पार्सल आणतो, एवढा फरक. जेम्स वेबनं २०२३ मध्ये कॅमेलिऑन १ या सुमारे ६३० प्रकाशवर्षांवरच्या ढगात मागच्या ताऱ्यांच्या उजेडात पाणी, सीओटू, सीओ, अमोनिया, मेथेन, मेथॅनॉल, कार्बोनिल सल्फाइड असं ताटभर दाखवलं, त्यातले दोन पदार्थ आमच्या खिडकीवर टिकतच नाहीत. तसलं काम करायचं असेल तर अहमदाबादला पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) अॅस्ट्रोकेमिस्ट्रीची, म्हणजे अंतराळातल्या रसायनांची, लॅब आहे, आणि आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटानं २०१९ मध्ये १० चा उणे १० घात मिलिबारला, ३० केल्विनवर मेथेनचा आणि १० केल्विनवर सीओटूचा क्लॅथ्रेट तयार होतो हे इन्फ्रारेडनंच दाखवलं, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात अडकलेला वायू, तोही अंतराळासारख्या पोकळीत. पोरांना तिकडं पाठवा. आमचं यंत्र तिकडं जाण्याआधी हात भाजून, म्हणजे गारठवून घ्यायला आहे.

अॅसिटाल्डिहाइडचा बर्फ या यंत्रावर करता येतो काय असं विचारलं होतं एकानं. करता येतो, १७२० च्या जवळ जोरदार पट्टा येतो आणि १३५० चा तो प्रसिद्ध ७.४१ वाला पण दिसतो. पण तो २० डिग्रीलाच उकळतो, आणि बेळगाव कितीही थंड हवेचं म्हणून मिरवलं तरी एप्रिलात दुपारी ३६-३७ होतंच. बाटली उघडताना फ्रीजमधनं थेट बर्फाच्या भांड्यात ठेवून, हूडखाली (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), चष्मा लावून. आमच्या हूडचा पंखा गेले चार महिने रिपेअरला गेलाय म्हणून सध्या आम्ही तो प्रयोग बंद ठेवलाय.

तर घ्यावं काय? कॉलेजात निदान दोन माणसं अशी असतील ज्यांना नट-बोल्ट हातात धरायची लाज वाटत नाही, जवळपास मामांसारखं वर्कशॉप असेल, नायट्रोजनची गाडी येत असेल, तर घ्या. नुसतं नॅकसाठी, म्हणजे कॉलेजाला ग्रेड देणाऱ्या कमिटीला दाखवायला, शोकेसमध्ये ठेवायला पाहिजे असेल तर घेऊ नका, पहिल्या पावसाळ्यात मीठ होईल. यंत्राला तीन स्टार, डीलरला शून्य, चेंबरला पाच, नायट्रोजनवाल्याला सहा असते तर सहा.

बघायला यायचं असेल त्यांनी दसऱ्यानंतर या. जून ते सप्टेंबर यंत्र प्लॅस्टिकखाली गरम ठेवून झाकलेलं असतं, मी उघडत नाही, कुणी प्राचार्य घेऊन आलात तरी नाही. येण्याआधी तीन दिवस फोन करा, गाडी बुधवारी येते, डबा भरून ठेवायला पाहिजे. आणि कुणाकडं इंडियमचा जुना तुकडा पडून असेल तर येताना घेऊन या, आमचा मागच्या आठवड्यात झाडूवाल्या मावशींनी चांदीचा कागद समजून टाकून दिला.